मासळी खात्यातले माळकरी

गोताडांच्या नाकाला आमचं सगळं ऑफिस घाबरून असायचं. साहेबांना कोणी फारसं घाबरत नसे, कारण साहेब दर दोन-तीन वर्षांनी बदलून जायचे. गोताड कायमचे. दुपारी डबे उघडले, की टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला कुळथाच्या पिठीत भाकरी कुस्करत बसलेले गोताड मान वर न करता म्हणायचे, "शिवलकर, बांगडा कालचा आहे रे. खाऊ नको."

शिवलकर म्हणजे मी. मी लगेच घरी फोन लावायचो. आई आधी कांगावा करायची, मग हळूच कबूल व्हायची की काल संध्याकाळी घेऊन ठेवला होता खरा. पुढे पुढे तिने मासेवालीलाच दम भरायला सुरुवात केली. "ताजा असेल तरच दे गो बाय, उद्या गोताडांच्या पुढ्यात डबा उघडायचाय." आईने गोताडांना कधी पाहिलं नव्हतं, मासेवालीनेही नव्हतं. तरी रत्नागिरीच्या निम्म्या मासळीबाजारात या नावाचा वचक होता.

यातली गंमत अशी, की हा माणूस माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, मासे-मटण वर्ज्य, दर एकादशीला कडक उपास. ऐन विशीत माळ घातली, त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं मासळीचा कण तोंडात गेला नव्हता. आणि नोकरी कुठे, तर मत्स्य खात्यात! संगमेश्वराच्या आतल्या बाजूला एका वाडीत त्यांचं घर, भातशेती करणारं. नोकरीसाठी सापडतील तेवढे सगळे अर्ज भरले आणि त्यातला नेमका हाच लागला. नेमणुकीचं पत्र घेऊन ते आपल्या बुवांकडे गेले. बुवा म्हणजे ज्यांच्या हातून त्यांनी माळ घेतली ते, शेजारच्याच गावचे एक शेतकरी. बुवांनी पत्र वाचून घेतलं आणि विचारलं, "मासे मारायचे काय तुला?"

"नाय. मोजायचे."

"मग मोज की."

तेवढ्या एका वाक्यावर या गृहस्थाने सगळी नोकरी काढली.

मी नोकरीला लागलो तेव्हा पहिले आठ दिवस मला त्यांच्याबरोबर जेटीवर पाठवलं होतं. होड्या लागायच्या, टोपल्या उतरायच्या, आणि गोताड कामाला सुरुवात करण्याआधी एक गोष्ट करायचे. कॉलरच्या आत बोट घालून माळ मागे पाठीवर सरकवायची. काम संपलं की नळाखाली कोपरापर्यंत तीनदा साबण लावून हात धुवायचे, साबणाची डबी त्यांच्या पिशवीतच असे. मग माळ परत पुढे. या दोन हालचालींच्या मधल्या काळात ते असे काही वागायचे, की कोणाला वाटावं यांच्या सात पिढ्या समुद्रावर गेल्यात. कल्ला उचलून रंग बघायचे, पोट दाबायचे, डोळा बघायचे, फूटपट्टी लावून लांबी वहीत टिपायचे. पहिल्या दिवशी मी, मासे खाणाऱ्या घरातला असूनही, नाकावर रुमाल धरला. त्यांनी तो माझ्या हातातून सरळ काढून घेतला. "या लोकांच्या घरात उभा आहेस," एवढंच म्हणाले. ओशाळून मी पुढे आठवडाभर रुमालच नेला नाही.

मासळीबद्दल वावगा शब्द त्यांनी कधी काढला नाही आणि कोणाला "सोड रे" म्हणूनही सांगितलं नाही. मी एकदा धीर करून विचारलं, की न खाता तुम्हाला एवढं कळतं कसं? ते म्हणाले, "तुम्हा खाणाऱ्यांना पापलेट दिसतं, सुरमई दिसते, बाकीचा नुसता ढीग. मला काहीच खायचं नाही, मग मी सगळ्यांकडे बघतो." आणि खरंच, ज्या बारीकसारीक मासळीची नावं जेटीवरच्या म्हाताऱ्यांनाही आठवून सांगावी लागत, ती त्यांच्या वहीत ओळीने लिहिलेली असायची. बायका त्यांना चिडवायच्या. "गोताडांनू, एकदा तरी चाखा हो, जन्म फुकट जायचा!" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. "पुढल्या जन्मी बगळा होतो, मग रोज खातो."

पण एका बाबतीत ते फार हळवे होते. ठरलेल्या मापापेक्षा लहान मासळी पकडली की खात्याला कारवाई करावी लागते. अशाच एका प्रकरणात भिकाजी तांडेल नावाच्या नौकेच्या म्होरक्याने भर जेटीवर त्यांना सुनावलं, "तुमी माळकरी. तुमाला आमचा धंदाच नको हाय. पट्टी काय लावता, मनातलं बोला ना!" मापं गोताडांनी बरोबर घेतली होती, तिथे चूक नव्हती. तरी त्या दिवशी डबा न उघडता ते खिडकीबाहेर बघत बसले. मी म्हटलं, "काका, तो रागाच्या भरात बोलला. मनावर काय घेताय?"

"अरे, तो अगदीच खोटं बोलला नाही ना," ते म्हणाले. "पावसाळ्यात मासेमारी बंद होते, होड्या वर ओढतात, तेव्हा मला आतून बरं वाटतं. दोन महिने जीव वाचले म्हणून वाटतं. आता असं वाटणाऱ्या माणसाच्या पट्टीवर त्याने का भरवसा ठेवावा?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःपुरता एक नियम केला. निकाल मच्छीमाराच्या बाजूने असेल तर गोताडांची एकट्याची सही. विरोधात असेल तर पट्टी ऑफिसातल्या मासे खाणाऱ्या एखाद्याच्या हातात द्यायची आणि त्याचीही सही घ्यायची. हा नियम कुठल्याही पुस्तकात नव्हता. साहेब वैतागायचे, कारण त्यापायी दोन माणसं अडकायची. मी तर किती वेळा भर उन्हात जेटीवर जाऊन सुरमईची पिल्लं मोजली असतील याला गणती नाही. मोजून झाल्यावर गोताड माझ्याकडे अशा आशेने बघायचे, की माझं माप त्यांच्यापेक्षा थोडं जास्त भरावं आणि बिचारा सुटावा. एकदा खरोखरच भिकाजी तांडेलाची मासळी माझ्या मापात बसली आणि तो सुटला. गोताडांना इतका आनंद झाला, की त्यांनी आम्हा दोघांनाही चहा पाजला. चहा पिताना भिकाजी म्हणाला, "तुमी येडे हाव." गोताड म्हणाले, "होय."

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती सांगताना मला अजूनही थोडी लाज वाटते, कारण घोळ माझा होता.

खाडीकाठच्या एका गावात शेवंतीमावशींचा महिला बचत गट होता. अकरा बायका. मासळी वाळत घालायची त्यांची जागा उघड्यावर, त्यामुळे कावळे, कुत्री, अवेळी पाऊस, सगळ्यांशी भांडत त्यांचा दिवस जायचा. खात्याच्या एका योजनेत मासळी वाळवायचं यंत्र मिळत होतं आणि ते मिळवण्यासाठी या बायका तीन वर्षं खेटे घालत होत्या. गोताडांनी त्यांना दोन वर्षं शिकवलं होतं. कोलंबी किती वेळ उकळायची, बाटल्या कशा उकडून घ्यायच्या, लोणच्यात मीठ किती, सगळं. चव बघायची वेळ आली की ते बायकांच्या तोंडाकडे बघायचे. एकीने चाखायचं आणि यांनी तिच्या भुवया वाचायच्या.

योजनेत शेवटची पायरी म्हणजे समितीने गावात येऊन बायकांनी केलेलं कोलंबीचं लोणचं तपासायचं. तारीख ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी मोबाइलवर कॅलेंडर उघडलं, एक मंगळवार मोकळा दिसला, तो पाठवून दिला. समितीच्या लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठे उठवले. कोणाच्याही लक्षात आलं नाही.

तो मंगळवार निघाला अंगारकीचा!

कोकणात राहून, मासे खाणाऱ्या घरात जन्मून मी कोलंबीचं लोणचं चाखायला अंगारकी चतुर्थी काढली होती. सकाळी आईने साबुदाणा पुढे ठेवला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी शेवंतीमावशींना फोन केला, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "आमाला ठावक हाय रे. पण आमी म्हटलं, सरकारला कुटं उपास असतो?"

सरकारला उपास होता. गाडीतून उतरले ते तीनही सदस्य उपाशी. मोठ्या साहेबांचा उपास आईला दिलेल्या शब्दाचा, मॅडमचा लहानपणापासूनचा, आणि दापोलीहून आलेल्या तरुण तज्ज्ञाने एकवीस चतुर्थ्या बोलल्या होत्या, त्यातली ही विसावी. शेवंतीमावशींच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बाकं मांडली होती, रांगोळी घातली होती, अकरा बायका नवी लुगडी आणि साड्या नेसून उभ्या होत्या. समितीने बाटल्या बघितल्या, झाकणं बघितली, रंग बघितला, वास घेतला. वास घेताना तज्ज्ञाने आवंढा गिळला, ते मी स्वतः पाहिलं. मग फॉर्मवर "चव" हा रकाना आला आणि तिघेही थांबले. खाली छापलेलं होतं, की किमान एका सदस्याने प्रत्यक्ष चव घेऊन गुण द्यावेत. यादी त्याच संध्याकाळी वर जायची होती. ती चुकली की यंत्र पुढच्या वर्षावर.

समितीचा चौथा सदस्य म्हणजे स्थानिक कर्मचारी, म्हणजे गोताड. आमच्या सगळ्यांत त्या दिवशी उपास नसलेला एकटा माणूस. ते एकादशीवाले, चतुर्थी करत नसत.

मोठे साहेब मनाने चांगले होते. त्यांनी तोडगा काढला. "गोताड, तुम्हीच शिकवलंय यांना. चांगलंच असणार. वीसपैकी अठरा टाका आणि सही करा."

गोताड उभे राहिले. "साहेब, न चाखता चवीचे गुण कसे टाकू?"

"अहो, कोण बघायला येतंय?"

"मी बघतोय ना."

साहेबांनी खांदे उडवले आणि पेनाला टोपण लावलं. "मग राहू द्या. पुढच्या वर्षी बघू." ते टोपण लागलेलं बघून एका बाईने तोंडाला पदर लावला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

गोताडांनी त्या तिघांना एका शब्दाने उपास मोडायला सांगितलं नाही. ते खळ्यातल्या तुळशीपाशी गेले, माळ गळ्यातून काढली, कपाळाला लावली आणि तुळशीच्या फांदीवर ठेवली. काय चाललंय ते शेवंतीमावशींना सगळ्यात आधी कळलं. त्या धावतच गेल्या. "नको गोताडांनू! आग लागो त्या मशीनला. आमी करू उनात. माळ घाला आदी ती!"

"मावशी, भाकरी आहे काय घरात?" गोताड म्हणाले.

त्यांच्या आवाजात कसलाही आव नव्हता, म्हणूनच बहुधा मावशी मुकाट आत गेल्या आणि भाकरी घेऊन आल्या. गोताडांनी हात धुतले, बाकावर बसले, बाटलीतली एक कोलंबी भाकरीच्या तुकड्यावर घेतली आणि तोंडात घातली. डोळे मिटून सावकाश चावली. मग त्यांनी आणखी एक कोलंबी घेतली, तीही तितक्याच सावकाश खाल्ली, पाणी प्यायले आणि साहेबांपुढे हात केला. "पेन द्या."

मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होतो. चव, वीसपैकी चौदा. शेरा, मीठ जास्त.

"चौदा?" शेवंतीमावशी किंचाळल्या. "अवो, तीस वर्सांनी तोंड लावलात आनि मीठ काडलात?"

"मी सांगितलं होतं त्यापेक्षा मूठभर जास्त टाकलंय तुम्ही. टाकलंय की नाही?"

मावशींनी जीभ चावली. "टाकलाय थोडा. टिकायला नको?"

आधी मॅडम हसल्या, मग साहेब, मग ते सगळं खळंच हसायला लागलं. हसता हसता दोघीतिघी रडत होत्या, आणि खरं सांगायचं तर मीही. बेरीज केली तर चौदाने भागत होतं. यंत्र मंजूर झालं. सगळे बाटल्या आवरायला लागले तेव्हा गोताड तुळशीपाशी गेले आणि माळ उचलली. पण ती गळ्यात न घालता त्यांनी स्वच्छ रुमालात गुंडाळून खिशात ठेवली.

परतताना मी गाडीवर मागे वळून वळून माफी मागत होतो. ते म्हणाले, "रस्त्याकडे बघ. तारीख तू काढलीस, घास तू भरवला नाहीस." मी म्हटलं, की मग माळ घाला ना, तुम्ही कामासाठीच तर खाल्लंत. त्यावर त्यांनी खिशातला रुमाल नुसता चाचपला. ज्या हाताने माळ घातली जाते त्या हातानेच ती परत घालायची असते, एवढं मला ठाऊक होतं. पण बुवांचं गाव दोन तासांवर असताना ते जाईनात. तीन महिन्यांनी ते निवृत्त झाले, तोवर उघड्या गळ्यानेच जेटीवर जात होते. सवयीने कॉलरमध्ये बोट घालायचे आणि रिकामंच बाहेर काढायचे. ते बघून मला गलबलून यायचं. तेवढ्या काळात त्यांनी मासळी मात्र खाल्ली नाही, भाकरी आणि पिठी चालूच होती.

निवृत्त झाल्यावर त्यांना गावी सोडायला मीच गेलो. वाटेत म्हणाले, "बुवांकडे थांबू या." बुवा आता खूप थकले होते, पडवीत झोपाळ्यावर बसून होते. गोताडांनी पाया पडून रुमाल त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळी हकीकत सांगितली. अकरा बायका, यंत्र, अंगारकी, फॉर्म.

बुवांनी रुमाल उलगडला. "यात कसलं पाप? लोकांचं काम अडलं होतं, तू केलंस. ये, पुढं ये." त्यांनी माळ दोन्ही हातांत धरली.

गोताड जागचे हलले नाहीत. "थांबा महाराज. पुरतं सांगितलं नाही अजून. पहिली कोलंबी कामाची होती. गुण तिच्यावरच ठरले. दुसरी मी अशीच खाल्ली."

तीन महिने हा माणूस ते ओझं घेऊन फिरत होता आणि मी समजत होतो की दुसरी खात्री करून घेण्यासाठी होती! मी तोंडावर हात ठेवला. बुवांचं सगळं म्हातारं अंग हसण्याने हलायला लागलं, झोपाळा कुरकुरायला लागला. हसणं आवरल्यावर त्यांनी माळ परत रुमालात ठेवली.

"मग वरीसभर राहा असाच," ते म्हणाले. "आनि कोनी इचारलं तर पुरतं सांगायचं. अर्धं नाय."

"पुरतं सांगेन," गोताड म्हणाले. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत पाहिला नव्हता.

त्यांच्या वाडीला गाडी वरपर्यंत जात नाही, खालून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढावी लागते. मी पिशवी वर पोचवतो म्हटलं, तर त्यांनी ऐकलं नाही. मला मिठी मारली, आईला नमस्कार सांग म्हणाले आणि पिशवी खांद्याला लावून चढायला लागले. आता फोनवर बोलणं होतं, पण डोळ्यांनी पाहिले ते तेवढेच. दहाबारा पायऱ्या चढले असतील, तोच वरच्या घराच्या खळ्यातून एका म्हातारीने हाक मारली. "नारायणा, आलास काय रे? आनि गळ्यातली माळ कुटं गेली तुजी?"

गोताड थांबले, पिशवी पायरीवर टेकवली आणि सांगायला लागले. अर्ध्या पाखाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, काही न गाळता. म्हातारी खळ्याच्या कडेला येऊन उभी राहिली, आणखी दोन घरांतली माणसं बाहेर आली. सगळं ऐकून झाल्यावर म्हातारीने एवढंच विचारलं, "मग, गोड लागली काय?"

गोताडांनी दोन्ही हात वर केले.

"लागली गो, काकी!" ते म्हणाले. "लय गोड लागली!"